वाचकांचे प्रश्न : नैरोबी पाहिली, आफ्रिका पाहिली का?

प्रश्न : माझा भाऊ नोकरीनिमित्त केनियातील नैरोबी येथे राहतो. जुलै महिन्यात मी आणि सहावीत शिकणारी माझी मुलगी त्याच्याकडे जाऊन आलो. निघण्यापूर्वी तिच्या मैत्रिणींनी “रस्त्यावर सिंह फिरतात”, “तिथे खायलाही मिळत नाही” असे सांगून तिला पुरते घाबरवले होते. प्रत्यक्षात तिने पाहिल्या त्या उंच इमारती, स्वेटर काढू न देणारी थंडी आणि शेजारच्या घरी आवडीने चपाती खाणारी मुले. आता ती ज्याला त्याला ठणकावून सांगते, की आफ्रिकेत ना जंगल आहे, ना गरिबी. पुस्तकातले सगळे खोटे आहे. वर्गात या प्रवासाविषयी बोलण्यास शिक्षकांनी तिला सांगितले आहे. तिचा हिरमोड करायचा नाही. पण ती म्हणते ते कितपत बरोबर आहे?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या मुलीने जे पाहिले ते खरे आहे, त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. मैत्रिणींनी न पाहता जे केले, तेच ती एक शहर पाहून करीत आहे. सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या नऊपटीहून मोठा आणि संयुक्त राष्ट्रांचे 54 सदस्य देश असलेला खंड दोघीही एका वाक्यात बसवू पाहत आहेत. तिने भाषण लिहून काढले असेल, तर जिथे जिथे ‘आफ्रिका’ लिहिले आहे तिथे ‘नैरोबी’ लिहून ते पुन्हा वाचावे, एवढेच तिला सुचवा. बहुतेक वाक्ये जशीच्या तशी खरी ठरतील आणि जी खटकतील ती तिची तिलाच कळतील.

थंडीचेच घ्या. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ स्वेटर लागतो, याचे वर्गाला नवल वाटेल. पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे आणि जुलै हा तिथला थंड, ढगाळ महिना. त्याच केनियात मोम्बासाच्या किनाऱ्यावर दमट उकाडा असतो, तर 5,199 मीटर उंचीच्या माउंट केनियावर, विषुववृत्ताला अगदी लागून, हिमनद्या आहेत (त्या झपाट्याने आटत चालल्या आहेत, हेही सांगायला हरकत नाही). एका देशात एवढी तफावत, तर मग खंडाची गोष्टच वेगळी. सहारा वाळवंट आणि काँगो नदीच्या खोऱ्यातील घनदाट अरण्य ही दोन्ही खरीच आहेत. पुस्तक त्याबाबतीत खोटे बोलत नाही. हवामानाचे पट्टे शिकवताना त्यात शहरे आणि माणसे मागे पडतात, एवढेच.

चपातीमागे तर इतिहासच आहे. मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा रेल्वेमार्ग ब्रिटिशांनी 1896 ते 1901 या काळात बांधला, तेव्हा तत्कालीन हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर तिथे नेण्यात आले होते. बरेचसे परतले, सुमारे अडीच हजार तिथेच मरण पावले आणि काही हजार स्थायिक झाले. पुढे व्यापारासाठी इतरही अनेक कुटुंबे गेली. त्यांच्या स्वयंपाकघरातली चपाती आता केनियातल्या सर्वसामान्य घरांत इतकी रुळली आहे, की शेजारच्या मुलांना ती परकी वाटण्याचे कारणच नाही.

भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देणारी माणसेही तिने पाहिली असतील. तिथली ‘एम-पेसा’ ही सेवा 2007 साली सुरू झाली आणि साध्या बटणांच्या फोनवरही चालते. आपल्याकडे यूपीआय आले ते 2016 मध्ये. ‘मागासलेला खंड’ हे शब्द सर्रास वापरणाऱ्या मोठ्यांनीही, खरे तर, हा भाग लक्ष देऊन ऐकावा.

गरिबीविषयी मात्र तिला स्पष्ट सांगायला हवे. मामाची वस्ती म्हणजे सगळी नैरोबी नव्हे. मध्यवर्ती भागापासून काही किलोमीटरवर किबेरा ही मोठी झोपडपट्टी आहे आणि पाणी, शौचालये यांसारख्या साध्या सोयींसाठी तिथल्या लोकांना रोज झगडावे लागते. पाहुणी म्हणून गेलेल्या मुलीला ते दिसले नाही, यात तिचा काही दोष नाही. पण ‘मला दिसली नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक सहावीतल्या मुलीला नक्की समजतो.

भाषणात नकाशासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. भिंतीवरच्या अनेक नकाशांत ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढे दिसते, कारण त्या पद्धतीत ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे 14 पट आहे. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून भारताची बाह्यरेषा गिरवावी, ती कापून आफ्रिकेवर सरकवत न्यावी. मुलांना हे आकड्यांपेक्षा लवकर पटते.

आणि सिंहांचा प्रश्न तर पहिलाच येणार. तिथे ‘सिंह नाहीतच’ असे सांगून तिने फसू नये. नैरोबी राष्ट्रीय उद्यान 1946 पासून शहराला अगदी खेटून आहे; तिथल्या माळावर सिंह असतात आणि त्यांच्या मागे क्षितिजावर शहरातल्या उंच इमारती दिसतात. शहराच्या बाजूने कुंपण आहे. दक्षिणेकडची बाजू वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी मोकळी आहे. एखादा सिंह भरकटून वस्तीत शिरल्याच्या घटना अधूनमधून घडतात आणि तसे झाले की तिथल्या वर्तमानपत्रांत ती मोठी बातमी होते.