अंगणातलं लाकडी कोर्ट आणि कॉलेजसाठी ठेवलेले 25 लाख

ठाण्याहून एका वाचकांनी विचारलंय: घोडबंदर रोडला बंगला आहे, मागे 55 बाय 42 फूट जागा मोकळी आहे. मुलगा आठवीत, शाळेच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळतो. त्याच्यासाठी शेड घालून मेपलच्या लाकडी फ्लोअरिंगचं हाफ कोर्ट करायचंय. कोटेशन 38 लाखांचं. त्यातले 25 लाख शिक्षणासाठी ठेवलेल्या म्युच्युअल फंडातून (त्यात 11 लाख नफा) आणि 13 लाख टॉप-अप लोनमधून (चालू गृहकर्जावरच वाढवून घेतलेलं कर्ज). बोनसही मिळतो, असं त्यांनी लिहिलंय. करू का?

लाकडी कोर्ट करू नका. कोर्ट मात्र जरूर करा.

आधी टेप घेऊन जागा मोजा. नियमातलं हाफ कोर्ट 15 बाय 14 मीटर, म्हणजे जवळपास 49 बाय 46 फूट. तुमच्याकडे एका बाजूला 42 फूटच आहेत. कोटेशन देणाऱ्याने हे सांगितलं नसेल, तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. वर छत घालायचं तर कोर्टावर 7 मीटर उंची मोकळी लागते. तेवीस फुटांची शेड म्हणजे पावसाळ्यापुरतं घातलेलं पत्र्याचं छप्पर नव्हे, ते बांधकाम आहे. महापालिकेची परवानगी लागणार, आणि बंगल्याभोवती सोडावी लागणारी मोकळी जागा धरली तर ती मिळेलच असं नाही.

आता लाकडाकडे येऊ. मेपलला साधारण 35 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. जुलैतल्या ठाण्याची हवा तुम्हाला ठाऊकच आहे, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीने क्लबहाउसमध्ये बॅडमिंटनसाठी लाकडी कोर्ट केलं होतं. दुसऱ्याच पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर आल्या. अनवाणी चाललं की तळव्याला प्रत्येक सांधा लागायचा. काही ठिकाणी तर खालून पोकळ आवाज यायचा. म्हणजे चारही बाजूंनी बंद शेड, हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर, त्याचं वीजबिल आणि वर्षातून एकदा पॉलिशचा नवा हात, हे सगळं आलं. यातलं काहीही 38 लाखांत धरलेलं नाही. फ्लोअरिंग एकदा घ्याल, कोरडी हवा दरवर्षी विकत घ्यावी लागेल.

फंड इक्विटीचा (शेअर्सचा) आणि वर्षाहून जुना असेल, तर मोडल्यावर दर आर्थिक वर्षाची सव्वा लाखाची सूट वजा करून उरलेल्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस, म्हणजे जवळपास 1 लाख 27 हजार करातच जातील. तेच 25 लाख पाच वर्षं 10 टक्क्यांनी वाढले तर 40 लाख होतात. दहा टक्क्यांची हमी कुणी देत नाही, पण मुलाची बारावी साधारण त्याच सुमारास आहे. शिवाय 13 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे 20,900 रुपये. मुलगा हॉस्टेलवर जाईल, हप्ता मागेच राहील. पुढे बंगला विकताना कोर्टाचे पैसे निघतील म्हणाल, तर घोडबंदरला येणारा गिऱ्हाईक जमिनीचा आणि एफएसआयचा (तिथे किती बांधकाम करता येईल त्याचा) भाव करतो. शेड पाडायचा खर्च तो उलट तुमच्याच किमतीतून कापेल.

तुमच्या जागेत नेमकं बसतं ते 3x3 चं, म्हणजे तीन विरुद्ध तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलचं कोर्ट, 15 बाय 11 मीटर. टोकियो ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्येही आहे. उघड्यावर काँक्रीटचा स्लॅब, वर अॅक्रिलिकचा थर, आणि पाणी वाहून जायला शंभर फुटांना एक फूट उतार. उतारावर नजर ठेवा, कंत्राटदार तिथेच हात राखतात. काँक्रीट गुडघ्यांना कडक पडतं हे खरं. त्यासाठी चांगले बूट घ्या, आणि जमलं तर अॅक्रिलिकऐवजी जोडायच्या प्लास्टिक टाइल्स टाका. तीन कोटेशनं मागवा. सात लाखांच्या वर गेलं तर टाइल्स, लाइट वगैरे पुढच्या वर्षावर ढकला. हे पैसे तुम्ही लिहिलेल्या बोनसमधून काढा, फंडाला हात लावू नका. लाकडावर खेळायची सवय हवी असेल, तर स्पर्धेच्या आधी महिनाभर तासावर इनडोअर कोर्ट घ्या.

एवढं करूनही फंडातून थोडे काढावेच लागले, तर निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये काढा, आर्थिक वर्ष बदलल्याने सव्वा लाखाची सूट दोनदा मिळेल. आणि बास्केटचा खांब काँक्रीटमध्ये कायमचा गाडू नका, बोल्टवर बसणारा घ्या. घर बदललंत तर सोबत नेता येईल.