न्यू जर्सीत राहून एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) सामना स्वस्तात कसा पाहता येईल?

न्यूयॉर्क निक्स या संघाचा हट्ट सोडा, अर्धं काम तिथेच होतं. त्यांच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली तिकिटं अख्ख्या लीगमधल्या महागड्या तिकिटांत मोडतात. त्यापेक्षा ब्रुकलिन नेट्स बघा. हा संघ 2012 पर्यंत तुमच्या न्यू जर्सीचाच होता! त्यांच्या बार्कलेज सेंटरच्या दारातच सबवे (मेट्रो) स्टेशन आहे, त्यामुळे पार्किंगचे पैसेही वाचतात.

प्रत्येक संघ नियमित हंगामात 82 सामने खेळतो, त्यातले साधारण निम्मे घरच्या मैदानावर. एवढ्या सामन्यांत सगळ्यांनाच गर्दी होत नाही. समोर लेकर्स किंवा वॉरियर्ससारखे लोकप्रिय संघ असले, त्यातून शनिवार आला, की भाव चढलाच. तळाच्या संघाविरुद्धचा सोमवार-मंगळवारचा सामना धरा. सीझन तिकीटवाले असल्या दिवशीची तिकिटं स्टबहब, सीटगीक या साइट्सवर विकायला काढतात आणि सामना सुरू व्हायला एक-दोन तास उरले की बहुतेकदा भाव उतरवतात. एकटे-दुकटे असाल तर तोवर थांबा. चौघांना शेजारी बसायचं असेल तर मात्र हा जुगार नको.

भावांची तुलना करताना फी धरून येणारी एकूण रक्कमच बघा. बाहेर कुणी स्क्रीनशॉट किंवा छापील तिकीट विकत असेल तर घेऊ नका, प्रवेश फोनवरच्या तिकिटावरच मिळतो.

मुलांना नुसता माहोल दाखवायचा असेल तर जी लीगमधले (एनबीएच्या खालच्या पातळीच्या लीगमधले) वेस्टचेस्टर निक्स पाहा, खूप स्वस्तात पुढच्या रांगांत बसता येतं. उन्हाळ्यात महिलांचा संघ न्यूयॉर्क लिबर्टीही आहेच, 2024च्या डब्ल्यूएनबीएचा (महिलांच्या लीगचा) विजेता.