मराठवाड्याच्या डोंगरांत डायनोसॉरची अंडी सापडतील का?

आपण विचारले आहे, की बालाघाटाच्या डोंगरात घाटरस्त्यासाठी तोडलेल्या दरडीत दिसलेले गोल दगड ही डायनोसॉरची अंडी असू शकतील का, आणि मराठवाड्यात जीवाश्म शोधायचे तर कसे शोधावेत. मी लातूर जिल्ह्यात बरीच वर्षे भूशास्त्र शिकवले आहे. असे गोटे माझ्याकडेही अनेकांनी आणले, आणि त्यांना नाही म्हणताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे, कारण आणणाऱ्याचे कुतूहल अगदी खरे असते.

आपले डोंगर लाव्हाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांतून ते घडले, आणि तसल्या तप्त रसात हाड किंवा अंडे टिकत नाही. आपण पाहिलेले गोटे त्याच काळ्या पाषाणाचे असावेत. पाषाणातल्या भेगांमधून पाणी शिरते, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात, ठोकळा गोल होतो आणि त्याची कांद्यासारखी सालपटे सुटू लागतात. भोवती मुरूम, मध्ये गोटा, असे दृश्य आपल्या प्रत्येक घाटात दिसते. गोटा फुटलेला असेल तर आत पाहावे. सालीपासून गाभ्यापर्यंत दगड एकच असतो. खऱ्या अंड्याला मात्र एक-दोन मिलिमीटर जाडीचे वेगळे कवच असते आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर, भिंगातून पाहिल्यास, बारीक पुटकुळ्या दिसतात. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या खडकातली पांढऱ्या खनिजांनी भरलेली छिद्रेही हाडाच्या जाळीसारखी भासतात, त्यामुळे तेथेही जपून निष्कर्ष काढावा.

मग हाडे असतात कोठे? लाव्हा येण्यापूर्वी, किंवा दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात, नद्या आणि तळ्यांनी साठवलेल्या गाळाच्या थरांत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला, तेव्हा ३३८ मीटर पाषाण संपल्यावर सुमारे ८ मीटर जाडीचा गाळाचा थर लागला आणि त्याखाली प्राचीन खडक. म्हणजे लाव्हापूर्वीची जमीन आपल्या पायांखाली आहे, परंतु तेथवर हातोडा पोहोचत नाही. तसे थर उघडे पाहायचे तर लाव्हाच्या कडेला जावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे नांगरलेल्या शेतांतून महाकाय शाकाहारी डायनोसॉरची हाडे आणि विष्ठेचे जीवाश्म मिळाले आहेत, आणि त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून तर ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला.

धार जिल्ह्यातील त्याच डोंगराळ मुलखात, बाग परिसरात, मी विद्यार्थी म्हणून हिंडलो, आणि शोध कसा घेतात ते तेथेच शिकलो. तेथे पहिले दोन दिवस हाडाकडे कोणीही लक्ष देऊ दिले नाही. फक्त खडक ओळखायचा, लाव्हाखालचा तो फिकट, चुनखडीयुक्त थर डोंगराच्या कोणत्या उंचीवर बाहेर डोकावतो ते नकाशावर मांडायचे, आणि मग त्याच उंचीने, नाले ओलांडत, काटेरी झुडपांतून डोंगराच्या कडेकडेने चालत राहायचे. ओढ्याच्या तळाशी हाडाचा सुटा तुकडा मिळाला, की तो कोठून घरंगळला हे शोधत उतार चढायचा. जेथे तुकडे मिळणे थांबते, त्याच्या जरा खालीच उगम असतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कवचाच्या कडा उठून दिसतात, भर दुपारी तीच जागा कोरी वाटते. शंका आली तर तुकडा जिभेला लावून पाहतात. सच्छिद्र हाड बहुधा चिकटते, दगड सहसा नाही. हाड मिळाले तरी ते उपटायचे नसते. भोवतीचा खडक कोरून, वर ओला कागद ठेवून, प्लॅस्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्यांनी ते बांधायचे आणि खडकासकट उचलायचे. मी एकदा उत्साहाच्या भरात एक तुकडा जागेची नोंद न करता पिशवीत टाकला. तो कोणत्या थरातला, हे नंतर कोणालाही सांगता आले नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तो तुकडा वाया गेला. त्याची खंत मला आजही आहे.

आपल्याला मराठवाड्यातच शोधायचे असेल, तर डोंगर सोडून नदीकाठ धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मांजरा आणि गोदावरीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतून प्राचीन हत्ती आणि रानबैलांचे अवशेष मिळालेले आहेत. ते डायनोसॉरपेक्षा फारच अलीकडचे आहेत, पण ते आपल्या मातीतले आहेत आणि त्यांचा शोध अजून अपुरा आहे. काही दिसले तर हलवू नये. शेजारी पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवर स्थान नोंदवावे, काठाच्या माथ्यापासून ते किती खाली आहे ते मोजावे, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे. दसऱ्यानंतर पाणी ओसरले, की पुराने कापलेल्या दरडी ताज्या असतात. पहिली फेरी त्या दिवसांत करावी, आणि एकट्याने दरडीखाली उभे राहू नये.