पाच जूनच्या आधीचे काम

प्रिय बेटा,

सप्रेम आशीर्वाद. गावातल्या मुलांना सोबत घेऊन जंगलासाठी काही करावे असे तू ठरवले आहेस आणि पहिला कार्यक्रम 5 जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या, वृक्षारोपणाचा आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. हेतू चांगला आहे, तारीख मात्र चुकली आहे. आपल्याकडे त्या सुमारास ऊन अजून रखरखीतच असते. आम्हीही एका वर्षी त्याच दिवशी फोटो काढून रोपे लावली होती आणि ती आठवडाभरात करपली. शिवाय ज्या मोकळ्या गवताळ पट्ट्यात आम्ही खड्डे खोदले, तिथे चितळे चरायला येतात, हे आम्हाला नंतर एका गुराख्याने सांगितले. त्याला आधी विचारायचे कोणालाच सुचले नव्हते.

आपल्या शेजारचे नागझिऱ्याचे जंगल 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2013 पासून व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे आत काही करायचे तर वनविभागाची परवानगी हवी. तुझे खरे काम गावालगतच्या जंगलात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ते राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, तेव्हा मुलांचे मंडळ स्थापन करण्यापूर्वी ग्रामसभेत जाऊन बस.

त्या जंगलाला रोपांची फारशी उणीव नाही. ऐन, तेंदू, मोह यांची रोपे आपोआप उगवतात, पण दर उन्हाळ्यात वणव्यात जळतात आणि त्यांच्यासोबत रानकोंबडी, तित्तिर यांची जमिनीवरची अंडीही जातात. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, आणि तो हात बहुधा आपल्याच ओळखीचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि वाऱ्याने ती आग पुढे सरकते. वेचणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवून तिला पोस्टर दाखवू नकोस, कारण त्या फुलांवर तिच्या घरचे मीठमिरची चालते. त्यापेक्षा फेब्रुवारीत मुलांना खराटे देऊन तिच्या झाडाखालचा पाला गोळा करून द्या. पेटवण्याचे कारणच उरणार नाही. ती पहाटे वाकून फुले वेचते तेव्हा वाघ-बिबट्याचा धोका असतो, म्हणून उजाडल्यावर आणि घोळक्याने जाण्याची सवय लागली तर तेही तुमच्या कामातच धरावे.

वनविभाग साधारण 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानतो. त्याआधी वनरक्षकाला भेटून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा, कुठून जाते ते पायी फिरून पाहा आणि साफ करताना हात लावा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना नोंदणीकृत मोबाइलवर पाठवते, ती नोंदणी जरूर कर. पण गुराख्याचा नंबरही जवळ ठेव, कारण धूर बहुधा त्यालाच आधी दिसतो. आग विझवायला जाताना नायलॉनचे कपडे नकोत, सुती हवेत. हिरव्या फांद्यांनी आग जळून गेलेल्या बाजूकडून झोडपावी, चढावर आगीच्या पुढे कधीही उभे राहू नये, आणि अठरा वर्षांखालच्या कोणालाही नेऊ नये.

रानतुळस आणि घाणेरी ही जंगलात माजणारी तणे आहेत. पावसाळ्यानंतर रानतुळस बी धरण्याआधी उपटा. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते, म्हणून ती मुळासकट काढावी लागते. कामे कंटाळवाणी आहेत आणि फोटोत शोभत नाहीत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी पाहायला मचाणावर बसायची इच्छा मुलांना होणारच. खुशाल बसावे, फक्त एका रात्रीच्या निरीक्षणाला प्राण्यांची गणना म्हणू नये. वाघांचा अंदाज दर चार वर्षांनी कॅमेरे लावून आणि पायी फिरून खुणा नोंदवून काढतात.

झाडे लावायचीच असतील तर दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर बांधावर आणि शाळेच्या आवारात लावा. खराटे किती लागतील ते कळव, जानेवारीत मी गोंदियाला जाणार आहे.

तुझा,
गुरुजी