भाऊ ५५ टक्के दिव्यांग आहे, संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलमधून नामंजूर झाला. वकील परवडत नाही. मोफत मिळेल का?

मिळेल, आणि उत्पन्नाची अट न लागता मिळेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा वेगळा उल्लेख आहे. उत्पन्नाची मर्यादा त्याच कलमातल्या दुसऱ्या गटाला लागते. म्हणून अर्ज भावाच्याच नावाने करा. तुमच्या नावाने केलात तर तुमचं उत्पन्न विचारलं जाऊ शकतं आणि अर्ज तिथेच अडू शकतो.

तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १५१०० या हेल्पलाइनवरही चौकशी करता येते. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार आणि तहसीलची सगळी कागदपत्रं न्या. "ही कोर्टाची केस नाही" असं म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. कायद्यातल्या व्याख्येत इतर प्राधिकाऱ्यांपुढचं काम आणि नुसता सल्लाही येतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नेमलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देतं. त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

पण त्याआधी नामंजुरीचं कारण कागदावर घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. खिडकीवर "त्रुटी आहे" एवढंच सांगितलं असेल, तर चांगला वकीलही काही करू शकत नाही. लेखी देत नसतील तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात "अर्ज का नाकारला?" असं विचारू नका, प्रश्नाला टोलवाटोलवी होते. अर्जावरचे शेरे, योजनेचे अर्ज तपासणाऱ्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि नामंजुरीचा आदेश यांच्या प्रती मागा.

कारण हातात आलं की पुष्कळदा वकिलाचीही गरज उरत नाही. उत्पन्नाचं कारण असेल तर कोणती मर्यादा लावली ते बघा: या योजनेत इतर लाभार्थ्यांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत चालतं, दिव्यांगांना ५०,००० पर्यंत. चुकून २१,००० ची लावली असेल तर तहसीलदारांना तेवढं दाखवून फेरविचाराचा अर्ज द्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असून मुदत संपली असेल तर आधी नवीन काढा, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. (टक्के ४० पेक्षा कमी लागले म्हणून हे कुणी वाचत असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. त्याची मुदत निर्णयापासून ९० दिवस आहे, ती चुकवू नका.)

तहसील तरीही हलत नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. तिला वकील लागत नाही. साधा अर्ज आणि कागदांच्या प्रती पुरतात. आयुक्तांनी शिफारस केली आणि कार्यालयाला ती मान्य नसेल, तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. तेही पटण्यासारखं नसेल तर पुढचा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा (सरकारी कार्यालयाच्या निर्णयाविरुद्ध थेट दाद मागण्याचा), आणि तिथल्या विधी सेवा समितीकडूनही भावाला वकील मोफतच मिळतो.