वडिलांना पार्किन्सन्स झालाय, आम्ही देवगडजवळ राहतो. मराठीत माहिती आणि आधार कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरला निदान झालं, गोळ्या लिहून दिल्या आणि गावी आल्यावर विचारायला कुणी नाही. आई एकटीच सगळं बघते. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, हा आजार आहे आणि आम्ही मालवण तालुक्यात राहतो. न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर) गाठायचे म्हणजे कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोव्यातलं बांबोळी. मधले महिने आपले आपणच काढायचे असतात.

आधी मराठी बोलणारी, हे भोगलेली माणसं गाठा. पुण्याचं 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीच चालवलंय. त्यांच्याकडच्या डॉक्टरांच्या व्याख्यानांचे व्हिडिओ यूट्यूबवर मराठीत आहेत, गावातल्या नेटवरही रखडत का होईना चालतात. मुंबईची 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' २००१ पासून काम करते. तिचे आधारगट असतात, व्यायाम घेतात, पैसे घेत नाहीत. दोन्हीकडे फोन व्हायला हवा, तो कुणी करायचा ते शेवटी सांगते.

वडिलांना मात्र पहिल्याच दिवशी मोबाईलसमोर बसवू नका. आमचे अण्णा 'माका काय एक झाला नाय' म्हणत उठून खळ्यात गेले होते. मी एकटीच ऐकत बसायचे, आवाज जरा मोठा ठेवून. पुढे तेच पडवीतून विचारायला लागले, 'तो काय म्हणता, बद्धकोष्ठ पण ह्याच्यामुळेच?' होय, बद्धकोष्ठ, वास न येणं, अक्षर बारीक होणं, आवाज बसणं हे सगळं त्यातच येतं. नुसतं हात थरथरणं म्हणजे पार्किन्सन्स नव्हे, काहींचा हात थरथरतही नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गावातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला हा आजार माहीत करून द्या, कारण रात्री उलटी झाली तर तुम्ही त्यांच्याकडेच जाणार. उलटीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म) आणि प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) मेंदूतल्या डोपामिनचं (हालचाल सांभाळणाऱ्या रसायनाचं) काम अडवतात आणि या आजारात डोपामिनच कमी पडलेलं असतं. चक्करेवरचं सिनारिझिनही तसंच. भ्रम झाला म्हणून दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलही नको. न्यूरॉलॉजिस्टकडून 'ही औषधं देऊ नयेत' असा कागद लिहून घ्या, एक प्रत फाईलला आणि एक वडिलांच्या खिशात ठेवा. आमच्या गावच्या डॉक्टरांनी कागद वाचला, मान डोलावली आणि लगेच केसपेपरवर लाल पेनाने लिहून ठेवलं. कुणाला राग येत नाही, विचारून बघा.

गोळ्या अचानक बंद पडणं धोक्याचं: अंग ताठतं, ताप चढतो, दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून पावसाळ्याआधी महिनाभराचा जादा साठा घरात हवा. घाटात दरड आली की औषधाची गाडी अडते आणि मेडिकलवाला 'उद्या येईल' म्हणत राहतो.

लेव्होडोपाची गोळी (सिंडोपा वगैरे, मेंदूत गेल्यावर हिचंच डोपामिन होतं) असेल तर जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर तासाभराने, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. आतड्यातून शिरताना तिची प्रथिनांशी चढाओढ होते. मासे सोडायचे नाहीत, गोळी आणि माशांचं जेवण एकत्र येऊ द्यायचं नाही, एवढंच. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत थोडी पेज चालेल का ते डॉक्टरांना विचारा. तिच्यात प्रथिनं कमीच. गोळीची वेळ, हालचाल मोकळी कधी झाली आणि पुन्हा कधी जखडली, हे वहीत लिहा. मोबाईलवर चालण्याचा व्हिडिओही घ्या, कारण डॉक्टरांसमोर ही माणसं टुणटुणीत चालून दाखवतात आणि घरी उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात. आम्ही उंबरठ्याआधी फरशीवर पांढऱ्या पट्ट्या मारल्यात. रेघ ओलांडायची म्हटलं की अण्णांचा पाय उचलतो.

कुणीतरी खाजकुयलीच्या बिया आणून देईलच. थोतांड नाही ते, त्या बियांत लेव्होडोपा खरंच असतो. पण किती, ते बीगणिक बदलतं आणि वर गोळ्या चालू असल्या तर एकूण मात्रा कुणाच्याच हातात राहत नाही. देवळात गाऱ्हाणं घाला, त्याला कोण अडवतोय, गोळी मात्र चुकवू नका.

सरकारी बाजू थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर, तपासणी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. बऱ्याच सवलतींना प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, सुरुवातीच्या रुग्णाला तेवढं मिळेलच असं नाही, तरी कागदपत्रं जमवून ठेवा.

आणि आईचं. उदासी, चिडचिड, रात्री झोपेत हातपाय झाडणं हे या आजारातच येतं, ते तिला कुणी सांगितलंय का? नाहीतर तिला वाटत राहतं की माणूस आपल्यावर रागावलाय. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या कुणीतरी वडिलांजवळ बसावं, तिने भजनाला जावं. आधारगटाला पहिला फोन तुम्ही करू नका, तिला करू द्या.