सत्तरी ओलांडलेल्या रॉक बँडने आता निवृत्त व्हावे का?

आपण लिहिले आहे की, ज्या बँडच्या कॅसेट ऐकत आपण वाढलात त्याचा अलीकडचा कार्यक्रम पाहताना गायकाचा आवाज वर चढेना आणि आपल्याला ऐकवेना, तेव्हा अशा मंडळींनी मानाने थांबू नये का. मी समीक्षक नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेली पंचवीस वर्षे तंबोऱ्यांची जवारी काढण्याचे, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून नाद खुलवण्याचे काम करतो. विश्रामबागेकडची कॉलेजची मुले गिटारच्या तारा बदलायला येतात, त्यांच्या मोबाइलवरून हे संगीत कानावर पडत गेले आणि त्याची गोडी लागली. त्यामुळे माझे उत्तर गळ्यापेक्षा तारांच्या बाजूने आलेले आहे.

साठी उलटलेले गवई एक दिवस तंबोरा घेऊन येतात आणि जरा घुटमळत सांगतात की, काळी दोन (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर) आता झेपत नाही, त्याखालच्या काळी एकवर आणून द्या. नुसत्या खुंट्या सैल करून हे काम भागत नाही. तार ढिली पडली की घोडीवर फडफडते आणि तिचा नाद आखूड होतो. म्हणून किंचित जाड तार चढवावी लागते, घोडीचा माथा पुन्हा घासून जवारी नव्याने काढावी लागते आणि तारेखालचे सूत केसभर मागेपुढे सरकवत नाद जिथे उमलतो ती जागा हुडकावी लागते. एका गृहस्थांनी काम झाल्यावर जुन्या तारा कागदात गुंडाळून मागून घेतल्या होत्या. त्या पुन्हा चढणार नाहीत हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. पण पट्टी उतरली म्हणून त्यांनी गाणे सोडावे, असे आमच्याकडे कोणाच्या मनातही आले नाही.

रॉकमध्येही पट्टी उतरवतातच, आणि तीही केवळ म्हातारपणी नव्हे. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे नेमका तारा दाबायचा हात जायबंदी झाला. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, दाबायला सोप्या अशा बारीक तारा लावल्या आणि 1971 पर्यंत गिटार पांढरी तीनवरून थेट काळी एकपर्यंत उतरवली, म्हणजे आमच्या गल्लीतल्या पुरुषी तंबोऱ्याच्या पट्टीला आणून ठेवली. ऐन तारुण्यात केलेल्या या तडजोडीतूनच त्यांचा तो जड, घुमणारा आवाज जन्माला आला.

मात्र काही गाणी अशी असतात की पट्टी उतरवूनही त्यांचा ताण उतरत नाही. डीप पर्पल या ब्रिटिश बँडचे 1970 चे ‘चाइल्ड इन टाइम’ हे त्यातले एक. त्यातल्या किंकाळ्या वगळल्या तर मागे काय उरणार? 1945 साली जन्मलेले त्यांचे गायक इयान गिलन ते गाणे कित्येक वर्षांपासून मैफिलीत घेत नाहीत आणि बँड मात्र चालू आहे. हा शहाणपणा मला फार आवडतो. ड्रमवाल्याला मात्र ही सोय नाही, कारण त्याचे काम सुरांचे नसून अंगमेहनतीचे आहे. जेनेसिस बँडचे ड्रमवादक आणि गायक फिल कॉलिन्स यांच्या हातांनी साथ सोडली तेव्हा बँडच्या शेवटच्या दौऱ्यात मुलाने ड्रम वाजवले आणि वडिलांनी खुर्चीवर बसून गायले. 26 मार्च 2022 रोजी लंडनमध्ये त्यांनी तो पसारा आवरला. एरोस्मिथ या अमेरिकी बँडचा प्रश्न वयाचा कमी आणि दुखापतीचा जास्त होता. गायक स्टीव्हन टायलर यांच्या घशाची इजा पूर्ण भरून येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी ऑगस्ट 2024 मध्ये दौरे थांबवले. तो निर्णय योग्यच होता.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. मिरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, मी वयोवृद्ध गवई ऐकले आहेत. दम तुटला की मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य तो सूर उचलतो, गुरुजी मान डोलावतात आणि पुढची जागा पुन्हा स्वतः घेतात. ही मदत शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही दिसते आणि त्यात कमीपणा कोणालाच वाटत नाही. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर पार्किन्सनने जर्जर झालेले ब्लॅक सॅबथचे गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायले, तेही काही न लपवता. पुढे सतराच दिवसांनी ते गेले. याउलट पडद्यामागून आधी मुद्रित केलेला तरुणपणीचा आवाज सोडायचा आणि पुढे ओठ हलवायचे, हा प्रकार जिथे सुरू होतो तिथे बँडने थांबलेले बरे, मग त्यांचे वय चाळीस का असेना.

तेव्हा तो कार्यक्रम पुन्हा एकदा लावा आणि मोबाइलवरच्या पेटीच्या ॲपवर मूळ रेकॉर्डची व या गाण्याची पट्टी ताडून पाहा. अर्धा किंवा एक स्वर खाली आले असतील, मधूनमधून श्वास ऐकू येत असेल आणि वरची जागा टाळून गायक दुसऱ्या वाटेने समेवर येत असेल, तर त्यांना गाऊ द्या. आवाज मात्र चाळीस वर्षांपूर्वीइतकाच चढा व गुळगुळीत येत असेल आणि गायक धापा टाकताना दिसत असेल, तर पुढच्या तिकिटाचे पैसे वाचवा.